बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

दसऱ्याची आपट्याची पाने सुकली, की आपल्या घराघरांतून एक मोहीम निघते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या गच्चीवर जातात, कपाटे भिंतीपासून हात-दीड हात पुढे सरकतात, आणि लांब काठीला बांधलेला कुंचा घेऊन घरातले सर्वांत उंच माणूस स्टुलावर चढते. डोक्याला फडके, नाकाला रुमाल! हा थाट पाहून एखाद्याला वाटावे, की स्वारी आता थेट अटकेपार जाणार. पण शत्रू असतो एवढासा. छताच्या कोपऱ्यात आठ पाय पसरून, वर्षभर कोणाच्या अध्यात ना मध्यात राहिलेला कोळी.

त्याने पागडी दिली नाही, भाडे दिले नाही, हे खरे. पण नळाच्या पाण्यावरून त्याने कधी भांडण काढले नाही, रात्री-बेरात्री डोक्यावर खुर्च्या सरकवल्या नाहीत, आणि घरातल्या माश्या, डास, चिलटे खाऊन भाड्याची भरपाई आपल्या परीने केली. अशा या बिऱ्हाडकरूला दिवाळीच्या आठ दिवस आधी, नोटीस न देता, बाडबिस्ताऱ्यासह बाहेर काढण्यात येते. मौज अशी, की सात वेळा पडून आठव्यांदा चढणाऱ्या कोळ्याची आणि त्याच्यापासून धडा घेणाऱ्या स्कॉटलंडच्या राजाची गोष्ट याच घरात मुलांना मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. (त्या रॉबर्ट ब्रूस राजाने १३१४ साली बॅनकबर्नची लढाई जिंकली, हा इतिहास. कोळ्याची गोष्ट मात्र त्याच्या काळातल्या कोणी लिहून ठेवलेली नाही. ती घरोघर पोचवली वॉल्टर स्कॉटने, पाचशे वर्षांनंतर.) म्हणजे गोष्टीत जो गुरुजी, तोच आपल्या घरी गुन्हेगार!

कोळिष्टके काढूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ऐन दिवाळीत समस्त गृहिणीवर्गाचा रोष ओढवून घेण्याइतके आम्ही शूर नाही. आमचा मुद्दा मुळी कोळ्याचा नाहीच. तो आहे स्टुलाखाली मान वर करून उभ्या असलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराचा. त्या दिवशी घर झाडले जाते, आणि त्याबरोबर त्या पोराच्या मनात काहीतरी कायमचे भरले जाते. काय भरायचे, ते बहुधा आपण ठरवत नाही. ते आपल्या किंकाळीने ठरते.

लहान मूल पहिल्यांदा कोळी पाहते तेव्हा कसे पाहते, हे कधी निरखले आहे काय? ते उकिडवे बसते. हात गुडघ्यांवर ठेवते. तोंड थोडे उघडे राहते. मग प्रश्न सुरू होतात. हा खाली का पडत नाही? याला दोरा कोण देतो? तो आपल्याच जाळ्यात का अडकत नाही? याची आई कुठे आहे? प्रश्न असे, की भल्याभल्या पदवीधरांनी डोके खाजवावे. आणि उत्तर काय मिळते? "शी! हात लावू नकोस! चावेल!" तीन वाक्यांत विषय संपतो. पुन्हा काही ते मूल उकिडवे बसत नाही.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून चौकस होते, असे म्हणायला जागा आहे. विश्व कशातून निर्माण झाले, हे सांगताना मुंडकोपनिषदाच्या ऋषीला दृष्टान्त सुचला तो कोळ्याचा. तो जसा आपल्यातूनच तंतू काढतो आणि आपल्यातच ओढून घेतो, तसे हे विश्व! ही नुसती कविकल्पना नव्हे. गोल जाळे विणणारे कित्येक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि त्याच्यातले सत्त्व नव्या धाग्याला वापरतात. ज्याने हा दृष्टान्त दिला, तो कधीतरी एखाद्या जाळ्यापुढे निवांत बसला असला पाहिजे. त्याच वेळी सुश्रुताने मात्र आपल्या संहितेत लूतांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, विषावर सविस्तर लिहून ठेवले आहे. कुतूहल आणि भय, दोन्ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच छपराखाली नांदत आले आहेत.

मग कोळ्याचे भय माणूस जन्मतःच घेऊन येतो, की घरात शिकतो? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. जर्मनीतील लाइपझिग आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१७ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या बाळांना आईबापांच्या मांडीवर बसवून त्यांनी चित्रे दाखवली. एकदा फुलाचे, एकदा तेवढ्याच आकाराच्या आणि रंगाच्या कोळ्याचे. कोळी दिसला, की बाळांच्या डोळ्यांतील बाहुल्या अधिक मोठ्या होत. सहा महिन्यांच्या जिवाला कोणी भीती शिकवली असण्याचा संभव कमी. म्हणजे आत कुठेतरी एक घंटा जन्मापासून आहे खरी. पण ही बाळे रडली-ओरडली म्हणून हा निष्कर्ष निघालेला नाही, हे ध्यानात घ्यावे. बाहुली मोठी होणे म्हणजे सावध होणे, लक्ष एकवटणे. आपले उकिडवे बसलेले पोर तेच करत असते. घंटा वाजते, इतकेच. ती ऐकून पळायचे की जवळ जाऊन पाहायचे, हे पुढे ठरते.

ते कसे ठरते, त्यासाठी माकडांची गोष्ट सांगायला हवी. सुसान मिनेका या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात, आपल्या उत्तर भारतात दिसतात त्या लाल तोंडाच्या माकडांवर प्रयोग केले. त्यांचा विषय कोळी नव्हता, साप होता. पण मासला तोच. प्रयोगशाळेत वाढलेल्या पिलांना सापाची भीती नव्हती. रानातून आणलेली मोठी माकडे सापाला पाहून कशी दचकतात, हे त्यांनी एकदा पाहिले मात्र, आणि तीही घाबरू लागली. पुढे मोठे माकड फुलाला घाबरते आहे असा चित्रपट रचून दाखवला, तेव्हा कोणी फुलाला भिईना! म्हणजे जिथे घंटा आधीपासून आहे, तिथेच भय चटकन रुजते. पण या प्रयोगमालेतला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग १९८६ साली प्रसिद्ध झाला. काही पिलांना आधी एक शांत माकड दाखवले, सापाजवळ निवांत बसणारे. मग घाबरणारे माकड दाखवले. या पिलांपैकी बहुतेकांवर भीतीचा परिणामच झाला नाही. देवीची लस टोचावी तसे ते आधीचे निवांत दर्शन त्यांना बाधले नाही. उलट त्यांचे रक्षण करून गेले.

आईबापांनी हे वाक्य फराळाच्या डब्यावर चिकटवून ठेवावे, असे आम्हाला वाटते. भित्रे माणूस मुलाला दिसणारच. ते टळत नाही. त्याच्या आधी एक शांत माणूस दिसले पाहिजे.

आता एक घडलेली हकिकत. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक मुलगी आहे. चार वर्षांची होती तेव्हा न्हाणीघरातल्या कोळ्याशी तिची चांगली ओळख होती. अंघोळ करता करता त्याला ती रोजचा वृत्तान्त सांगे. पुढे एकदा सुट्टीत पाहुण्या आल्या. त्यांतल्या एक बाई न्हाणीघरात गेल्या आणि अशी किंकाळी फोडून बाहेर आल्या, की खालच्या मजल्यावरची माणसे जिना चढून वर आली. कोळी पळाला, बाईंना पाणी दिले, चहा झाला, हसणे-खिदळणे झाले, आणि मंडळी तो प्रसंग विसरून गेली. मुलगी विसरली नाही.

त्यानंतर ती न्हाणीघरात एकटी जाईना. अंघोळीच्या वेळी दार उघडे आणि दारात आई, असा बंदोबस्त लागू लागला. आईला ऑफिसची घाई. ती वैतागून म्हणे, "एवढ्याशा जिवाला काय भ्यायचं, गं! घोडी झालीस आता!" थोरल्या आतेभावाने भीती मोडण्याचा हमखास उपाय म्हणून रबरी कोळी तिच्या अंगावर टाकला. त्या रात्री तिला ताप भरला. पुढे आईच्या ध्यानात आले, की मुलगी संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. तहानेने ओठ सुकले तरी नको म्हणते. का? तर पाणी प्यायले, की रात्री न्हाणीघराकडे जावे लागते. सहा वर्षांच्या पोरीने स्वतःशीच हा हिशेब मांडला होता, आणि कोणाला सांगितला नव्हता.

हे कळल्यावर तिचे आजोबा उठले. त्यांनी भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी न्हाणीघराच्या दारापासून चांगले दहा-बारा पावलांवर, बोळात, दोन पाट मांडले. वाटीत गूळ-शेंगदाणे घेतले. "चल, शेंगदाणे संपेपर्यंत बसू. संपले, की उठू."

"आजोबा, तो बघतोय माझ्याकडे."

"बघू दे. आपणही बघू. बघायला पैसे पडत नाहीत."

"आणि तो धावत आला तर?"

"तर आपणही धावू. फक्त मला थोडं आधी सुटू दे. माझे गुडघे दुखतात."

पहिल्या दिवशी शेंगदाणे फार लवकर संपले. दुसऱ्या दिवशी पाट एक हात पुढे सरकले. तिसऱ्या दिवशी मुलीने "आज इथंच" म्हटले, तेव्हा आजोबांनी आग्रह केला नाही. मागे जायचे असेल तर मागे, तिथेच राहायचे असेल तर तिथे. पण रोज बसायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलीने पाटी-पेन्सिल घेऊन कोळ्याचे चित्र काढले. आता चित्र काढायचे म्हणजे पाय मोजावे लागतात. आठ निघाले. "किड्याला सहा असतात," असे शाळेत सांगितले होते. मग हा किडा नव्हे! ही बातमी संध्याकाळी आईला कळली, बाबांना कळली, आणि ज्या पाहुण्या बाईंनी किंकाळी फोडली होती त्यांनाही फोनवरून कळवण्यात आली.

तो कोळी म्हणजे आपल्या घरांतून दिसतो तो मोठा, चपटा, तपकिरी रंगाचा. पाय पसरले तर हाताच्या तळव्याएवढा. जाळे विणून वाट पाहत बसणारा हा नव्हे. हा दिवसा फटीत दडतो आणि रात्री शिकारीला निघतो. त्याचे आवडते भक्ष्य कोणते म्हणाल, तर झुरळ! ज्या घरातली मंडळी झुरळ दिसले, की टाचेवर उभी राहतात, त्याच घरात झुरळाच्या या काळाला चपलेने मारतात. दुनिया अशी आहे.

आठव्या-नवव्या दिवशी मुलीला कोळ्याच्या पोटाशी काहीतरी दिसले. पांढरी, गोल, चपटी पुरचुंडी. जिकडे कोळी जाईल तिकडे पुरचुंडी. आजोबांनी चष्मा पुसून पाहिले आणि सांगितले, "अंडी आहेत तिच्यात. हा तो नव्हे. ही ती आहे."

"मग हिला कोळी नाही म्हणायचं?"

"आपल्याकडे जुना शब्द आहे, कातीण. सूत कातते ती कातीण. तसं म्हणू."

त्या दिवशी पाट न्हाणीघराच्या उंबऱ्याला लागले. आणि रात्री मुलीने झोपताना पेलाभर पाणी मागितले.

भीती पार गेली का? नाही. कातीण धावली, की मुलगी अजून दचकते, आजोबांचा सदरा धरते. पण एकटी अंघोळ करते. पुढे एक दिवस आजोबांनी श्रीखंडाचा रिकामा डबा हलकेच कातिणीवर पालथा घातला, भिंत आणि डबा यांच्यामधून एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवला, आणि मुलीने तो डबा स्वतःच्या हातांनी, नाकाच्या शेंड्यावर घाम आणून, मागच्या अंगणातल्या लाकडांच्या ढिगापर्यंत नेला. पत्रिकेतले वधूवर आता कुठे असतील ते असोत. त्यांच्या लग्नाचा असा सदुपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

आजोबांनी मानसशास्त्राचे एकही पुस्तक वाचलेले नाही. पण त्यांनी जे केले ते शास्त्राला धरूनच होते. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली पीटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या, तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. सशाच्या जागी कातीण आणि खाऊच्या जागी गूळ-शेंगदाणे, एवढाच काय तो फरक. मोठ्या माणसांनाही हाच मार्ग लागू पडतो. कोळी दिसला, की छातीत धडधडणे, घाम फुटणे, खोलीत पाऊल न टाकता येणे, हा काही लोकांना खराखुरा त्रास असतो. तो भित्रेपणा नव्हे आणि नाटकही नव्हे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ साली, अशा माणसांवर जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत करायची उपचारपद्धती मांडली. तिचे सूत्र तेच : पायरी-पायरीने, स्वतःच्या इच्छेने, जाणत्या माणसाच्या सोबतीने जवळ जायचे. रबरी कोळी अंगावर फेकणे हे त्या शास्त्रात कुठेही बसत नाही, हे घरोघरच्या आतेभावांनी ध्यानात ठेवावे.

पण मुलांना धीर देताना खोटे सांगू नये. "कोळी काही करत नाही" हे पूर्ण खरे नव्हे. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते. ते माशी-झुरळाच्या मापाचे असते. माणसाला खरोखर अपाय करू शकतील अशा जाती फार थोड्या. घरातला मोठा कोळी मुठीत दाबला, कपड्यात चिरडला, तर तो जीव वाचवायला चावेल, आणि ते दुखेल. म्हणून नियम सोपा : बघायचे, हात लावायचा नाही. चावल्यावर सूज वाढत गेली किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत न बसता डॉक्टरांकडे जायचे.

उलट कोळ्यावर एक खोटा आळ मात्र पुष्कळ वर्षे चालत आला आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर लाल पट्टा दिसतो, आग होते, बारीक फोड येतात. आजी म्हणते, "रात्री अंगावरून कोळी गेला." बहुधा कोळी त्या गावचाही नसतो! दिव्यावर येणारा नारिंगी-काळ्या रंगाचा एक बारीक लांबट भुंगेरा असतो. तो चावतही नाही. झोपेत तो आपल्या हाताखाली चिरडला, की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो आणि पुसताना पसरतो. म्हणून तो पट्टा लांबट उठतो. असा भुंगेरा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा, आणि जागा साबणाने धुवावी. कधी कधी हाच आळ नागिणीच्या फोडांमुळेही येतो, आणि तिथे डॉक्टरांकडे जायला झालेला उशीर महागात पडतो. बघा, भीतीने चुकीचा आरोपी पकडला, की खरा निसटतो.

आता पोरांच्या प्रश्नांची उत्तरे. मुलाने विचारल्यावर आईबापांची पंचाईत होऊ नये म्हणून देऊन ठेवतो. कोळ्याला दोरा कोणी देत नाही. त्याच्या पोटातल्या पिशव्यांत तो रसाच्या रूपात असतो आणि मागच्या बाजूने ओढून काढताना त्याचा घट्ट तंतू बनतो. तो आपल्याच जाळ्यात अडकत नाही, कारण सगळे धागे चिकट नसतात. गोल जाळ्यात मध्यापासून बाहेर जाणारे आरे कोरडे, आणि फेर धरणारे धागे चिकट. मालकाला वाटा ठाऊक असतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले का असतात? कारण पाय मिटायला त्याला स्नायू आहेत, पण काही मुख्य सांधे उघडायला नाहीत. तिथे तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताठ करतो. प्राण गेला, दाब गेला, पाय मिटले. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांचा कोळी असतो त्याला हलकेच फुंकर घालावी. तो जाळे असे गदागदा हलवतो, की स्वतः दिसेनासा होतो. आणि भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा करडा, केसाळ, नखाएवढा कोळी? त्याच्यासमोर बोट हलवून पाहावे. तो वळून आपल्याकडे बघतो. पुढचे दोन मोठे डोळे असे रोखतो, की आपणच आधी ओशाळावे. उडी मारण्यापूर्वी तो भिंतीला एक धागा चिकटवून ठेवतो, उडी फसली तर लोंबकळायला. आपल्यापैकी कितीजण इतक्या तयारीने उडी घेतात?

आमच्या शेजारच्या मुलीने विचारले होते, "कातिणीची पिल्लं मोठी झाली, की जातात कुठं?" सर्वच कोळ्यांचे एकसारखे नसते. पण कित्येक जातींची पिल्ले उंच जागी चढतात, वाऱ्यावर बारीक तंतू सोडतात आणि त्याच्या आधाराने चक्क उडून जातात. चार्ल्स डार्विन १८३२ साली 'बीगल' जहाजावरून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून जात होता. जमीन सुमारे ६० मैल दूर. आणि एके दिवशी जहाजाच्या दोरखंडांवर हजारो चिमुकले कोळी उतरलेले त्याने पाहिले! नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांना या गोष्टीचे विशेष नवल वाटू नये.

या सर्वांचा उपयोग काय, असे विचारणारेही वाचक असतात. आणि दिवाळी अंकाचे पैसे मोजले असल्याने तो त्यांचा हक्कच आहे. त्यांच्यासाठी एक आकडा. २०१७ साली दोन युरोपीय शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजाप्रमाणे जगातले सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, आणि त्यात मुख्य भरणा किड्यांचा. हा फौजफाटा एक वर्ष संपावर गेला, तर शेतांचे काय होईल, हे आम्ही सांगायला नको.

पण आम्हाला उपयोगापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांनी आपल्या गोठ्यात एका कोळिणीला अंड्यांची पिशवी करताना पाहिले. ती पिशवी त्यांनी मिठाईच्या खोक्यात घालून न्यूयॉर्कच्या घरी आणली आणि खोलीतल्या मेजावर ठेवून दिली. पुढे पिल्ले निघाली, आणि त्यांनी साहेबांचा कंगवा, ब्रश, आरसा या सर्वांना धाग्यांनी जोडून टाकले. साहेबांची हरकत नव्हती. शेवटी खोली झाडणाऱ्या व्यक्तीने हात टेकले, तेव्हा हा संसार मोडावा लागला. (झाडलोट आणि कोळी यांचा तंटा न्यूयॉर्कलाही चुकलेला नाही!) पुढे १९५२ साली त्यांचे 'शार्लट्स वेब' हे पुस्तक निघाले, आणि एका कोळिणीने डुकराच्या पिलाचा जीव वाचवल्याची ती गोष्ट जगभरच्या मुलांची झाली.

आणि लांब कशाला जा? कोळ्यांची ओळख पटवणारी माणसे आपल्याकडेही झाली. बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे येथील केंद्रात राहून देशभरचे कोळी अभ्यासले, आणि १९८७ साली भारतीय कोळ्यांवरची त्यांची हस्तपुस्तिका प्रसिद्ध झाली. जगात नोंद झालेल्या जातींची संख्या २०२२ साली ५० हजारांवर गेली, तरी नवे कोळी सापडतच आहेत. आणि ते सापडायला घनदाट अरण्यच हवे असेही नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली. अभ्यासकांनी तिचे नाव ठेवले 'आयसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर, अंगावर गोळ्या झेलत ज्यांनी अतिरेक्याची बंदूक सोडली नाही, त्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. अशोकचक्र मिळालेल्या वीराचे नाव द्यायला अभ्यासकांना वाघ-सिंह आठवला नाही, नखाएवढा कोळी आठवला. ज्याला आपण कुंच्याने झाडतो, त्याला कोणी एवढ्या मानाचे नाव देते, तेव्हा त्या माणसाने त्याच्याकडे किती वेळ, किती जवळून पाहिले असेल, याचा विचार करावा.

तेव्हा यंदा घर जरूर झाडा. चकली जशी भाजणीशिवाय नाही, तशी दिवाळी झाडलोटीशिवाय नाही. फक्त एक रिकामा डबा आणि एक जाड लग्नपत्रिका हाताशी ठेवा. कोळ्याला डब्यात घ्या, पत्रिका सरकवा, आणि तो डबा बागेपर्यंत, निदान गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत नेण्याचा मान घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्या. त्याने वाटेत थांबून आत डोकावले तर घाई करू नका. त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर "मलाही ठाऊक नाही, चल, बघू" एवढे म्हणा. आणि तुम्हाला स्वतःलाच भीती वाटत असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुम्हीही दहा-बारा पावलांवर पाट मांडा. गूळ-शेंगदाणे फराळाच्या आधी चालतात.